उंदराच्या वाट्याचे फळ

उंदराला ओकारी येत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरची स्नायूंची पकड त्याच्या शरीरात फार घट्ट असते, आणि ओकण्याची क्रिया जुळवून आणणारी मेंदूतील यंत्रणा त्याच्याकडे नसते. त्यामुळे एकदा पोटात गेलेला पदार्थ तोंडावाटे बाहेर टाकण्याची वाट त्याला बंद असते. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत ठाऊक असो वा नसो, तिचा उपयोग त्याच्या परिचयाचा आहे. बांधावरच्या बिळाशी झिंक फॉस्फाइड मिसळलेले भरड धान्य ठेवले जाते. कुत्र्याने ते खाल्ले तर ओकून वाचण्याची थोडीफार आशा असते. उंदराला ती नसते. शेतात जे उंदराच्या मरणाचे कारण, तेच घरात हौसेने पाळलेल्या उंदराच्या बाबतीत पाळणाऱ्याच्या जबाबदारीचे मूळ ठरते, कारण चुकीचा घास परत फिरवणे त्या प्राण्याच्या हाती नसल्याने घास देण्यापूर्वीचा विचार सर्वस्वी माणसालाच करावा लागतो.

पाळीव उंदराला माणूस सर्वांत प्रेमाने जे देतो ते फळ, आणि चुका अधिक होतात त्याही फळातच. धान्य देताना हात आखडता राहतो. फळ मात्र निरुपद्रवी, सात्त्विक, आजाऱ्यालाही चालणारे मानले जात असल्याने त्याची साल, बी, मात्रा आणि पिकण्याची रीत यांकडे सहसा कोणी पाहत नाही. हा विषय महानगरांतील हौशी घरांपुरता वाटत असला, तरी तो समजून घेण्यासाठी पूर्णेसारखे गाव अधिक उपयोगी आहे, कारण फळ आणि जनावर यांचा जुना व्यवहार अशा गावात अजून डोळ्यांसमोर चालतो.

जंक्शनवरची फळे

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे तालुक्याचे गाव त्याच नावाच्या नदीच्या काठी वसलेले असून रेल्वेच्या नकाशात त्याचे स्थान त्याच्या लोकवस्तीच्या मानाने पुष्कळच मोठे आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गाला येथे हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे जाणारा फाटा फुटतो. या भूगोलाचा परिणाम फळांच्या गाड्यांवर दिसतो. नांदेडच्या बाजूला अर्धापूरचा केळीचा पट्टा आहे, अकोल्याच्या वाटेने विदर्भातील संत्री जवळची आहेत, पश्चिमेला जालन्याची मोसंबी, बीडच्या डोंगराळ भागातील सीताफळ आणि मराठवाड्याचा केशर आंबा आहे. यांतील शेवटच्या तिन्ही फळांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. उन्हाळ्यात टरबूज आणि खरबूज येतात, आणि बोरे, जांभळे, चिंचा यांसारखा रानमेवा पाटीत घालून वाट्यावर विकला जातो.

दिवस कलल्यावर फळांच्या गाड्याभोवती एक दुसराच व्यवहार सुरू होतो. केळीच्या फण्यांतून काळी पडलेली केळी वेगळी निघतात, पिचलेल्या टरबुजाच्या फोडी बाजूला पडतात, मोसंबीच्या रसाच्या गाड्याशेजारी सालीचा आणि चोथ्याचा ढीग झालेला असतो, आणि शेळ्या व मोकाट गाई तेथे येऊन उभ्या राहतात. शेळी संत्र्याची साल चवीने चघळते, गाय केळीच्या साली घडासकट ओढते. घरातही हाच न्याय चालतो: गर माणसाला, साल जनावराला, ताजे माणसाला, डागी जनावराला. अन्न वाया जाऊ न देणारी ही पद्धत शहाणपणाची आहे आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या बाबतीत ती बहुतांशी निभावते, कारण गाई-शेळीचे पहिले पोट हे सूक्ष्मजीवांनी भरलेले मोठे पिंप असते आणि वनस्पतीतील पुष्कळशी उपद्रवी द्रव्ये रक्तात जाण्याआधीच तेथे मोडली जातात.

उंदराची रचना याच्या उलट आहे. त्याच्याही पोटात सूक्ष्मजीवांची भट्टी असते, परंतु ती उंडुकात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील पिशवीत असते. अन्न तेथवर पोचेपर्यंत त्यातील बहुतेक द्रव्ये लहान आतड्यातून रक्तात शोषली गेलेली असतात, म्हणून त्या सूक्ष्मजीवांचे संरक्षण त्याला वेळेवर मिळत नाही. शिवाय उंदराला पित्ताशय नसते. यकृतात तयार होणारे पित्त साठून न राहता थेट आतड्यात झिरपत राहते. साल आणि डागी भाग जनावराला घालण्याची जी सवय गोठ्यात बरोबर ठरते, तीच पिंजऱ्यापाशी चुकीची ठरते ती या रचनेमुळे. पाळीव उंदराला माणसाच्या उष्ट्यातला किंवा टाकाऊ वाटा देऊन चालत नाही. त्याला माणसाच्याच वाट्यातला, म्हणजे सोललेला, बिया काढलेला, ताजा गर द्यावा लागतो, आणि तो अगदी थोडा द्यावा लागतो.

पिंजऱ्यातला पांढरा

घरात पाळला जाणारा उंदीर हा शेतातला किंवा माळ्यावरचा उंदीर नव्हे. जीवशास्त्रात रॅटस नॉर्व्हेजिकस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपकिरी उंदराच्या वंशातून, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली निवड होत, पांढऱ्या, काळ्या आणि ठिपकेदार रंगांचे शांत स्वभावाचे उंदीर निपजले. जपानमध्ये अठराव्या शतकात उंदीर पाळण्यावर पुस्तके छापली जात होती. इंग्लंडमध्ये १९०१ साली मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीने उंदरांना प्रदर्शनात जागा मिळाली. आणि १९०६ नंतर अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पांढऱ्या उंदरांचा जो प्रमाणित वंश तयार झाला, त्याचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. महाराष्ट्रात महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांतून हा पांढरा उंदीर सुशिक्षित वर्गाच्या ओळखीचा झाला. मुंबईच्या महात्मा फुले मंडईत, जिला जुने मुंबईकर अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, एका अंगाला फळांच्या राशी आणि दुसऱ्या अंगाला पिंजऱ्यातले पाळीव प्राणी असा बाजार अनेक दशके भरत आला आहे.

मराठवाड्यात या प्राण्याकडे पाहण्याच्या दृष्टीवर एका अलीकडच्या आठवणीची छाया आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वर्ष उलटण्याच्या आतच, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची घबराट पसरली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना घरात उंदीर आणण्याची कल्पना सहन न होणे स्वाभाविक आहे. गणपतीच्या पायाशी बसून लाडू कुरतडणारा मूषक आणि बिळात आमिष ठेवून मारायचा उंदीर या दोहोंच्या मध्ये पाळीव उंदराला अजून जागा मिळालेली नाही. रानातला किंवा घरातला मोकळा उंदीर पकडून पाळणे धोक्याचेच आहे, कारण लेप्टोस्पायरा या जिवाणूचा प्रसार त्याच्या मूत्रातून होतो. पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त वाढलेल्या वंशाची गोष्ट वेगळी, आणि पुढील विवेचन त्यापुरतेच आहे.

कुन्नूरमधील मराठी जेवण

माणसाने काय खावे हे आज जे सांगितले जाते त्यातील मोठा भाग उंदरांना खाऊ घालून कळलेला आहे, आणि या इतिहासात मराठी माणसाच्या ताटालाही एक स्थान आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ साली एका खोलीत सुरू झालेल्या आहारविषयक प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्कॅरिसन या लष्करी डॉक्टरांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचे नेहमीचे जेवण उंदरांच्या गटांना दिले आणि त्यांची वाढ मोजली. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे ते गट होते. वाढीच्या क्रमाने पहिले शीख आहारावरचे उंदीर आले, दुसरे पठाणी आणि तिसरे मराठी आहारावरचे. भातावर भर असलेला मद्रासी आहार शेवटी राहिला. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये दिलेल्या कॅन्टर व्याख्यानांत मॅक्कॅरिसन यांनी या प्रयोगांची हकिकत मांडली.

प्रयोगशाळेतील मूळ कळपाला ते जे खाणे देत त्याची यादी पाळीव उंदीर ठेवणाऱ्याने आजही लक्षात घ्यावी अशी आहे: न चाळलेल्या गव्हाच्या पोळ्या, ताजे लोणी, दूध, मोड आलेले हरभरे, कच्चे गाजर व कोबी, आणि आठवड्यातून एकदा थोडे मांस. हा कळप दीर्घकाळ निरोगी राहिला. याउलट इंग्लंडमधील गरीब वर्गाच्या धर्तीवर मैद्याचा पाव, मार्गारिन, गोड चहा, उकडलेली भाजी, डब्यातले मांस आणि डब्यातला जॅम असा आहार ज्या उंदरांना दिला, ते खुरटले, चिडखोर झाले आणि दोन महिन्यांच्या सुमारास आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. त्या ताटात फळाच्या नावाने होता तो साखरेत शिजवलेला जॅम तेवढाच.

हीच प्रयोगशाळा पुढे १९५८ साली हैदराबादला हलवली गेली, त्या काळात तिची सूत्रे डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्याकडे होती, आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. प्रयोगासाठी लागणाऱ्या उंदरांची पैदास करून देशभर पुरवठा करणारे केंद्रही तेथेच आहे. पूर्णेहून निघालेली गाडी एका रात्रीत जेथे पोचवते त्या शहरात उंदराच्या आहाराचे एवढे ज्ञान साठलेले असताना ते पिंजऱ्यातल्या उंदरापर्यंत पोचत नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. ज्या प्राण्याच्या शरीरावर जीवनसत्त्वांचे शास्त्र उभे राहिले, त्याच्या ताटाशी तरी त्या शास्त्राने परत यायला हवे.

या शास्त्राने सांगितलेली पहिली गोष्ट अशी की उंदराला फळाची गरज माणसाइतकी नाही. 'क' जीवनसत्त्व तो आपल्या यकृतात स्वतः तयार करतो. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. त्यामुळे संत्रे-मोसंबी-आवळा 'क' जीवनसत्त्वासाठी म्हणून उंदराला देण्याचे कारण उरत नाही. फळ त्याला द्यायचे ते पाणी, तंतू, चवीतला पालट आणि चघळण्याचा विरंगुळा यांसाठी. बंदिस्त, बुद्धिमान आणि रात्रभर जागणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने शेवटची दोन कारणेही क्षुल्लक नाहीत.

संत्र्याची साल आणि नराचे मूत्रपिंड

संत्र्याची साल दुमडून दिव्याच्या ज्योतीपाशी पिळली की बारीक तुषार उडतात आणि ज्योत तडतडते, हा खेळ मराठी घरांतील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सालीच्या पृष्ठभागावर जे सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात त्या तेलाच्या ग्रंथी असतात, आणि त्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डी-लिमोनिन नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. साबण, सुगंध आणि शीतपेये यांत ते सर्रास वापरले जाते; माणसाला त्याचा त्रास होत नाही. नर उंदराला होतो.

कारण असे की प्रौढ नर उंदराच्या यकृतात नरसंप्रेरकांच्या प्रभावाखाली एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते. अल्फा-२-यू-ग्लोब्युलिन असे त्याचे नाव असून ते मूत्रातून बाहेर पडते आणि त्याच्या गंधातून इतर उंदरांना नराची ओळख पटते. लिमोनिन शरीरात मोडताना जे उपद्रव्य तयार होते ते या प्रथिनाला चिकटते. चिकटलेले प्रथिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींना नेहमीसारखे पचवता येत नाही. ते तेथे साचत जाते, पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या वाढतात, आणि हे चक्र दीर्घकाळ चालले की गाठी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नर उंदरांना शरीराच्या दर किलो वजनामागे ७५ आणि १५० मिलिग्रॅम लिमोनिन आठवड्यातून पाच दिवस असे जवळजवळ दोन वर्षे दिल्यावर मूत्रपिंडाच्या गाठी दिसल्या. मादीत त्या दिसल्या नाहीत. ज्या एका वंशाच्या नरांत हे प्रथिन तयारच होत नाही त्यांनाही इजा होत नाही. माणसाच्या शरीरात हे प्रथिन नसल्याने आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ साली लिमोनिनला माणसासाठी कर्करोगकारक ठरवण्याचे नाकारले.

या संशोधनाचा घरगुती अर्थ लावताना दोन टोके टाळायला हवीत. नर उंदराला संत्रे आणि आंबा म्हणजे विष, असा जो समज उंदीर पाळणाऱ्यांमध्ये रूढ आहे तो मात्रेचा विचार करत नाही: तीनशे ग्रॅम वजनाच्या उंदराला प्रयोगातील किमान मात्रा गाठण्यासाठी दररोज सुमारे २२ मिलिग्रॅम शुद्ध लिमोनिन पोटात जायला हवे, आणि सोललेल्या संत्र्याच्या गराच्या एका लहान तुकड्यात त्याच्या जवळपासही लिमोनिन नसते, कारण तेल असते ते सालीत. परंतु दुसऱ्या बाजूला, साल जनावराला घालण्याची जी सवय वर सांगितली तिने नेमके सालीचे तेलच उंदराच्या पोटात जाते, आणि वय वाढलेल्या नर उंदरांत मूत्रपिंडाचा क्षय तसाही इतका सामान्य असतो की त्यावर आणखी भार टाकणे शहाणपणाचे नाही. म्हणून संत्रे, मोसंबी आणि लिंबू यांची साल नराला मुळीच देऊ नये. गर द्यायचा तर साल सोललेल्या हाताने न देता हात धुऊन द्यावा, आणि शक्य तर नराच्या वाट्याला दुसरेच फळ ठेवावे, कारण पर्याय भरपूर आहेत. आंब्याच्या गंधद्रव्यांतही जातीनुसार कमी-अधिक लिमोनिन असते, शिवाय देठाजवळचा चीक तोंडाला लागतो. सालीशिवायची लहान फोड कधीमधी देण्यास हरकत असण्याचे सबळ कारण दिसत नाही.

फोडणारे दात

सीताफळ खाण्याची रीत माणसाच्या जिभेला ठाऊक आहे: डोळा तोंडात घ्यायचा, गर सोडवायचा, काळी गुळगुळीत बी बाहेर टाकायची. चुकून एखादी बी गिळली गेली तरी तिचे टणक कवच न फुटता ती पोटातून निघून जाते. उंदराच्या बाबतीत हा दिलासा खोटा आहे. त्याचे पुढचे चार दात आयुष्यभर वाढत राहतात आणि टणक पदार्थ कुरतडून ते झिजवणे ही त्याची शारीरिक गरज असते. त्यामुळे बी दिसली की गर सोडून तिच्याकडे वळणे हा त्याचा स्वभाव आहे. माणसासाठी जे कवच संरक्षण आहे ते उंदरासाठी आमंत्रण ठरते.

सीताफळाच्या बीत ॲसिटोजेनिन गटाची द्रव्ये असतात, जी पेशीतील ऊर्जा निर्माण करणारी साखळीच रोखतात. या बियांची पूड किडींवर आणि उवांवर वापरण्याची प्रथा ग्रामीण भागात जुनी आहे, आणि ती पूड डोळ्यांत गेल्याने गंभीर इजा झाल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना परिचित आहे. बीडच्या सीताफळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे ऐन भरात असतो, म्हणून ही सूचना या दिवसांत विशेष महत्त्वाची. उंदराला सीताफळ द्यायचे असल्यास गर चाळणीवर घोटून, एकही बी राहिली नाही याची खात्री करून, नखाएवढा द्यावा. एवढा खटाटोप नको असेल तर हे फळ वगळावे हेच उत्तम.

सफरचंदाच्या बियांत अमिग्डालिन असते आणि बी चावली गेली की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. पीच, आलुबुखार, जर्दाळू यांच्या आठळ्यांतील गराचेही तसेच. बोर, जांभूळ आणि खजूर यांच्या बिया काढूनच द्याव्यात. चिकूची बी टोकाला आकड्यासारखी असते आणि कच्च्या चिकूत चीक व तुरट द्रव्ये भरपूर असतात, त्यामुळे चिकू पूर्ण पिकलेलाच हवा. पेरूच्या आणि डाळिंबाच्या बिया मात्र निर्धोक समजल्या जातात. ॲव्होकॅडो मराठवाड्यात क्वचितच येतो. आला तरी त्याच्या सालीत आणि आठळीत पर्सिन नावाचे विषारी द्रव्य असल्याने आणि गर अतिशय स्निग्ध असल्याने तो टाळावा. घरात कुत्राही असेल तर एक भेद ध्यानात ठेवावा लागतो: द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, उंदराच्या बाबतीत तसा अनुभव नाही.

अढी, पुडी आणि डाग

आंबा पेंढ्याच्या अढीत घालून पिकवण्याच्या पद्धतीत फळ आपल्याच अंगच्या इथिलीन वायूने पिकते. घाई असते तेथे पेटीत कॅल्शियम कार्बाइडची पुडी टाकली जाते. हवेतील ओल लागून तिच्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि साल पिवळी होते, गर मात्र कच्चाच राहतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात, म्हणून अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याचा असा वापर बंद आहे; नियंत्रित खोलीत इथिलीन वायू सोडून पिकवण्यास मात्र परवानगी आहे. वरून पिवळेधमक, देठाशी हिरवे आणि आत कडक असलेले केळे उंदराला देऊ नये. कच्च्या केळ्यातील पिठूळ द्रव्य त्याला नीट पचत नाही, आणि पृष्ठभागावर काय आहे ते सांगता येत नाही. साल काढण्यापूर्वी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, द्राक्षे तर देठापासून सोडवून एकेक धुवावीत.

डागी फळाचा प्रश्न याहून गंभीर आहे. काळा पडलेला भाग कापून टाकला की उरलेले चांगले, असा घरोघर हिशेब असतो. परंतु मऊ गरात बुरशीचे धागे डागाच्या बरेच पलीकडे गेलेले असतात आणि त्यांची विषे डोळ्यांना दिसत नाहीत. भुईमुगावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतील ॲफ्लाटॉक्सिन यकृताला किती घातक आहे हे ज्या प्राण्यांवरून कळले त्यांत उंदीर अग्रभागी होता, कारण तो त्या विषाला विलक्षण संवेदनशील आहे. फळाबरोबर शेंगदाणा देण्याची पद्धत असेल तर खवट किंवा सुरकुतलेला दाणा वेचून काढावा. उतरलेले, आंबूस वासाचे फळ, जे गाय आनंदाने खाते, ते उंदराच्या पिंजऱ्यात जाता कामा नये.

बोराएवढा तुकडा

प्रौढ उंदराचे वजन अडीचशे ते पाचशे ग्रॅम असते आणि तो दिवसाला साधारण पंधरा ते वीस ग्रॅम कोरडे अन्न खातो. तीनशे ग्रॅमच्या उंदरापुढे शंभर ग्रॅमचे सोललेले केळे ठेवणे म्हणजे साठ किलोच्या माणसापुढे वीस किलो केळी ठेवण्यासारखे आहे. लहान प्राण्याची चयापचयाची गती जास्त असल्याने हा हिशेब अगदी सरळ नाही, तरी प्रमाणाची जाणीव व्हायला पुरेसा आहे. फळांचा वाटा एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे. व्यवहारात एका उंदराला बोराएवढा गराचा तुकडा, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढे पुष्कळ होते.

मुख्य आहार म्हणून गोळीखाद्य, म्हणजे पेलेट, मिळाले तर उत्तम, कारण सुट्या मिश्रणातले आवडते तेवढेच निवडून खाण्याची उंदराची खोड त्यात चालत नाही. ते न मिळाल्यास ज्वारी, बाजरी आणि गहू यांचे मिश्रण, शिजवलेली मसूर, मोड आलेले हरभरे, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि रोजची पालेभाजी यांवर भागवता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परभणी मोतीसारख्या वाणांची ज्वारी ज्या भागात घरोघर आहे तेथे हे अवघड नाही. कडधान्यांपैकी राजमा कच्चा कधीही देऊ नये.

गोडाचा अतिरेक उंदीर स्वतःहून थांबवत नाही. १९७६ साली स्क्लाफानी आणि स्प्रिंगर या संशोधकांनी उंदरांना बाजारात मिळणारे चविष्ट पदार्थ मोकळेपणाने खाऊ दिले तेव्हा ते झपाट्याने लठ्ठ झाले. याउलट कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅक्के यांनी १९३५ साली दाखवले की पोषणमूल्ये पूर्ण ठेवून उष्मांक कमी केलेल्या आहारावर उंदीर अधिक जगतात. दोन-तीन वर्षांच्या आयुष्यात काही महिन्यांची भर म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

नवे फळ एका वेळी एकच द्यावे. रानउंदीर अनोळखी पदार्थाची आधी किंचित चव घेतो, वाट पाहतो, आणि त्रास झाला तर त्या चवीला पुन्हा शिवत नाही. ओकता न येणाऱ्या प्राण्याने मिळवलेले हे दुसरे संरक्षण आहे, आणि जॉन गार्सिया यांनी १९५५ पासूनच्या प्रयोगांत ते तपशिलाने सिद्ध केले. पाळीव वंशात मात्र नव्या पदार्थाविषयीची ही भीती पुष्कळ बोथट झालेली असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसाने दिलेले अन्न सुरक्षितच होते. तो सावधपणा आता पाळणाऱ्याने दाखवायचा: एक तुकडा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशीची विष्ठा पाहायची. सोबतीच्या उंदराच्या श्वासाला ज्या पदार्थाचा वास येतो तो पदार्थ उंदीर अधिक विश्वासाने खातो, त्यामुळे बुजऱ्या उंदराला नवे फळ आधी त्याच्या जोडीदाराकडून ओळखीचे करून देता येते.

तुकडा हातातून किंवा थाळीत द्यावा, भुशात टाकू नये. उंदीर साठेबाज असल्याने खाऊन उरलेले फळ तो कोपऱ्यात पुरतो आणि तेथे ते दोन दिवसांत बुरशीने भरते. शिवाय रात्री पिंजऱ्याबाहेर पडलेल्या फळाच्या वासाने मोकळे उंदीर येतात, आणि त्यांच्या मूत्रातून पाळीव उंदराला व पर्यायाने घरातल्या माणसांना लेप्टोस्पायराचा संसर्ग होऊ शकतो. संध्याकाळी दिलेले फळ झोपण्यापूर्वी उचलणे हा या दृष्टीने पिंजऱ्याच्या स्वच्छतेतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. मऊ, चिकट केळ्याचा मोठा गोळा घशात अडकू शकतो, म्हणून केळे पातळ चकत्या करून द्यावे.

मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर

उंदराला घाम येत नाही आणि तो कुत्र्यासारखा धापाही टाकत नाही; अंगातली उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो आणि फारच तापला तर स्वतःची लाळ अंगाला फासतो. परभणीच्या परिसरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा ही यंत्रणा अपुरी पडते. या दिवसांत टरबुजाचा उपयोग खरा कळतो: बिया काढलेली, थंड केलेली लहान फोड पाणी आणि गारवा दोन्ही देते. मात्र टरबुजात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने फोड मोठी झाली की पातळ शौच सुरू होते, आणि लहान प्राण्याचे शरीर त्यानेच लवकर कोरडे पडते. काकडी याहून सौम्य आहे. पिण्याच्या पाण्याची जागा मात्र यांतील कोणीही घेत नाही.

बिघाड झाल्याची लक्षणे उंदीर लपवतो. पाठ कुबडी करून बसणे, केस फुललेले दिसणे, आवडीचा तुकडा नाकारणे आणि डोळ्या-नाकाभोवती लालसर स्राव येणे ही पाहण्याजोगी चिन्हे आहेत. हा लाल स्राव रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीतील पोर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते ताण किंवा आजार सुचवते. नर उंदीर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागला तर मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो. पूर्णेसारख्या गावातील पशुवैद्यकाचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो, त्यामुळे एवढ्या लहान प्राण्यासाठी मोठ्या संस्थेचा आधार घेणे बरे; परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय रेल्वेने जवळ आहे. जाताना उंदराचे स्वयंपाकघरातील काट्यावर घेतलेले नेमके वजन, गेल्या दोन दिवसांत दिलेल्या प्रत्येक पदार्थाची यादी आणि पिंजऱ्यात उरलेला फळाचा तुकडा, साल व बी असल्यास तीही, बरोबर न्यावीत, कारण औषधाची मात्रा ग्रॅमच्या हिशेबाने ठरते आणि पोटात काय गेले हे त्या तुकड्यावरूनच कळते.